थांबा

पर्यटन कार्यालयातल्या मुलीनं विचारलं, कुठून आलात?
इथूनच, म्हणालो. चोरयांगहून.
ती हसली, आणि जपानीतला नकाशा दिला.
कोरियनमधले संपले होते.

एकतीस वर्षं मी बुसान चालवलं.
म्हणजे बसच चालवली,
पण रात्री उतरल्यावर पोटऱ्या सांगायच्या
आख्खं शहर आज तूच ढकललंस.
डावीकडे डोंगर, उजवीकडे गोदी.
समुद्र दिसायचा तो आरशात, वीतभर,
तोही मागे पळत.

निवृत्तीचा आज अकरावा दिवस.
बायको म्हणाली, घरात दारासारखे उभे राहू नका,
जरा हिंडून या.
पिशवीत किंबापच्या दोन गुंडाळ्या, एक संत्रं,
आणि जावयाचा कॅमेरा,
जो मला चालू करता येत नाही.

स्थळ पहिलं: मासळीबाजार.
याच्या तोंडाशी मी दिवसातून आठदा थांबलोय,
आत कधीच नाही.
आत पाणी. रबरी बूट घातलेल्या बायका
वाम सोलतात, आणि सुरी न थांबवता भांडतात.
एकीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
एकशे त्रेपन्नवाला ना तू?
टोपी नाही म्हणून ओळखलं नाही.
माशाचं पाणी सांडलं म्हणून
भर थंडीत उतरवलं होतंस मला.
मला आठवेना. तिला वारसुद्धा आठवत होता.
मग एक सुकं माकूल कागदात गुंडाळून हातावर ठेवलं.
पैसे घेतले. पुरते घेतले.

स्थळ दुसरं: उचलला जाणारा पूल, शनिवारी दोनला.
माझ्या हिशेबी पूल उचलणं म्हणजे
पंधरा मिनिटं उशीर आणि वर साहेबाची चिठ्ठी.
आज कठड्याला टेकून, पोराटोरांत मिसळून
रस्ता उभा राहताना पाहिला.
मधले पांढरे पट्टे सरळ आभाळात गेले.
पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
पलीकडे एक बस अडकलेली,
चालकाची हनुवटी स्टिअरिंगवर.
ओळखीची हनुवटी.
हात नाही केला.

स्थळ तिसरं: पायऱ्या.
नुसत्या पायऱ्या! नकाशात त्यांना तारा दिलाय.
एकशे अडुसष्ट.
पायथ्याचा थांबा माझाच.
इथे मालसुन आजी उतरायची, कंबरेत वाकलेली,
दोन्ही हातांत कोबी.
आजी, लवकर, म्हणायचो मी. लवकर.
मागे हॉर्न वाजायचे.
तिचा एक पाय जमिनीला लागला की माझं बोट बटणावर.

चढलो.
चाळीसला कोट काढला.
सत्तरीला बसलो.
शंभरीच्या पुढे कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय,
मोडक्या पायाला सुतळी बांधलेली.
कुणासाठी, ते विचारावं लागलं नाही.
तिच्यात बसायचं धाडस झालं नाही.
शेजारी उभा राहून खाली पाहिलं:
तांदळाएवढी बस आली,
दार उघडलं,
मिटलं.
एवढ्यात?
पुढच्या बसला मोजलं. चार सेकंद.
कोबीसकट चार सेकंद.

वर समुद्र होता. सगळाच्या सगळा,
जागचा न हलता.
कॅमेरा चालू झाला नाही ते बरंच झालं.

उरलेली चार स्थळं राहिली.
नकाशाची मूळ घडी सापडेना,
तसाच कोंबला खिशात.
परतीला कार्ड टेकवून तिसऱ्या बाकावर बसलो.
दर वळणाला उजवा पाय
रिकाम्या जमिनीत ब्रेक दाबत होता.
चालक नवा पोरगा, मानेवर घामोळं,
माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

पायऱ्यांपाशी कुणीतरी उतरत होतं, सावकाश.
मागे हॉर्न.
पोराचा हात बटणाकडे गेला
आणि मी, जागेवरूनच,
जन्मात पहिल्यांदा प्रवाशाच्या आवाजात ओरडलो
थांबा.

थांबला.
सगळी बस वळून माझ्याकडे बघू लागली.
पिशवीतल्या माकलाचा
वास सुटला होता.